'जस्टिस लीग'मधून जोकर कुठे गेला? वाहिन्यांची चढाओढ आणि सुपरहीरो कार्टून

प्रश्न: सुट्टीचा वार

नमस्कार.

'जस्टिस लीग अनलिमिटेड' ही मालिका नुकतीच पुतण्याबरोबर पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. लहानपणी जिकडे मुळीच लक्ष गेले नव्हते अशी एक गोष्ट या वेळी सतत खटकत राहिली. मालिकेत बॅटमॅन आहे, चांगला ठळक आहे, परंतु त्याच्याभोवतीचे सारे गणगोत गायब आहे. जोकर, पेंग्विन, रिडलर हे त्याचे नेहमीचे खलनायक नाहीत आणि त्याचा साथीदार रॉबिन याचे तर नावही निघत नाही. जगभरातील खलनायक एकत्र येऊन भलीमोठी टोळी बांधतात, तेव्हासुद्धा त्या गर्दीत बॅटमॅनच्या गॉथम शहरातील आपल्या ओळखीचे बडे चेहरे दिसत नाहीत. याच मालिकेच्या आधीच्या पर्वांत, म्हणजे नुसत्या 'जस्टिस लीग'मध्ये, जोकरने दोन भागांची एक अख्खी कथा गाजवली होती. त्यामुळे हे लेखकांना सुचलेच नसेल असे म्हणवत नाही.

दुसरी शंका 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'बद्दल आहे. माझ्या मते कोळ्याच्या या पोरावर इतकी नेटकी मालिका दुसरी झालेली नाही, आणि तरीही ती २६ भागांत आटोपली, तीही कथा ऐन रंगात आलेली असताना.

कोणालाही विचारले की "वाहिन्यांची आपसातील स्पर्धा" एवढे मोघम उत्तर मिळते. स्पर्धेमुळे मालिका बंद पडते हे समजू शकते. पण एखादे पात्र मालिकेतून उचलून बाजूला कसे ठेवले जाते आणि तसे करण्यात कोणाचा काय फायदा असतो, हे कोणी जाणकाराने नीट उलगडून सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १: जुना अँटेना

आपल्या दोन्ही शंकांच्या आधीची एक पायरी आहे, तिथून सुरुवात करतो. कारण अमेरिकेतील वाहिन्यांच्या भांडणाने सुपरहीरो कार्टूनांचे नुकसान केले तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, भलेही केले आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेची 'डकटेल्स' ही मालिका वेगवेगळ्या शहरांतील स्थानिक केंद्रांना विकली जात असे आणि लॉस एंजेलिसमध्ये ती फॉक्सच्या मालकीच्या केंद्रावर दाखवली जात होती. पुढे डिस्नेने त्याच शहरातील एक केंद्र विकत घेतले आणि साहजिकच 'डकटेल्स' तिकडे नेली. फॉक्सचे प्रमुख बॅरी डिलर यांना हे अजिबात रुचले नाही. त्यांनी आपल्या जाळ्यातील केंद्रांवरून डिस्नेचा माल हटवण्याचा पवित्रा घेतला आणि मुलांसाठी स्वतःचाच विभाग उभा करायला घेतला. तो 'फॉक्स किड्स' सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झाला आणि 'डिस्ने आफ्टरनून' हा डिस्नेचा दुपारचा पट्टाही त्याच महिन्यात आला. गंमत अशी की डिलर आणि डिस्नेचे प्रमुख मायकेल आयस्नर हे दोघे पूर्वी पॅरामाउंटमध्ये एकत्र काम केलेले होते.

नव्या विभागाला नवा माल हवा होता आणि प्रस्थापितांपेक्षा वेगळे काही केल्याशिवाय कोणी ढुंकूनही पाहणार नव्हते. विभागाच्या प्रमुख मार्गारेट लोश याआधी मार्व्हलच्या, म्हणजे स्पायडरमॅन आणि 'एक्स-मेन' ज्या कॉमिक्स कंपनीचे तिच्या, निर्मिती संस्थेत होत्या. तिथे असताना 'एक्स-मेन'चा एक नमुना भाग तयार झाला होता, पण तो गळ्यात मारून घ्यायला कोणतीही वाहिनी तयार झाली नव्हती. आता निर्णय त्यांच्याच हाती आला. १९९२च्या सप्टेंबरात 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' आणि ३१ ऑक्टोबरला 'एक्स-मेन' अशा दोन मालिका फॉक्सवर आल्या, आणि १९९४ मध्ये 'स्पायडरमॅन' त्यांना येऊन मिळाला. 'एक्स-मेन'चा तो पहिला भाग चुकांनी भरलेल्या चित्रणासह दाखवला गेला. ठरलेला मुहूर्त आधीच हुकला होता आणि आणखी थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून झलक या नावाखाली तो तसाच रेटला आणि जानेवारीत दुरुस्त करून पुन्हा लावला. एरवी इतका कच्चा माल कोणी पडद्यावर जाऊ दिला नसता. पण इतकी गंभीर, भागामागून भाग पुढे सरकणारी कथाही एरवी कोणी मंजूर केली नसती. नवख्या वाहिनीला धोका पत्करावा लागतो, आणि त्या धोक्यातूनच हे दशक घडले असे माझे स्पष्ट मत आहे.

चढाओढीचा अतिरेकही त्याच वर्षी झाला. 'बॅटमॅन' मुलांच्या दुपारच्या वेळेत चांगली चालते असे दिसताच फॉक्सने डिसेंबर १९९२ पासून ती रविवारी संध्याकाळी, सीबीएसच्या '६० मिनिट्स'समोर उभी केली. घरातील मोठी माणसे ज्या तासाला ठरवून बातम्यांचा कार्यक्रम पाहत, त्या तासाला कार्टून लावण्याचा हा प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. मालिकेचे त्यात काहीही चुकले नव्हते.

आता यातला विरोधाभास पाहा. बॅटमॅन ज्या डीसी कॉमिक्सचा, ती डीसी वॉर्नर या बड्या स्टुडिओच्या मालकीची, मालिका बनवणारेही वॉर्नरच. पण १९९२ मध्ये वॉर्नरकडे स्वतःची प्रसारण वाहिनी नव्हती, म्हणून आपला सर्वात मौल्यवान नायक त्यांना दुसऱ्याच्या दुकानात ठेवावा लागला. १९७० पासून अमेरिकेत असा नियम होता की मोठ्या वाहिन्यांनी, त्या जे कार्यक्रम दाखवतात त्यांच्या मालकीत आणि फेरविक्रीत वाटा घेऊ नये. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो नियम रद्द झाला आणि प्रत्येक स्टुडिओला स्वतःच्या वाहिनीचे डोहाळे लागले. जानेवारी १९९५ मध्ये वॉर्नरची 'द डब्ल्यूबी' ही वाहिनी सुरू झाली. ती उभी करणारे जेमी केलनर हे पूर्वी फॉक्स वाहिनीचे अध्यक्ष होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरातील कानाकोपरा त्यांना ठाऊक होता. सप्टेंबर १९९५ मध्ये तिचा मुलांचा विभाग 'किड्स डब्ल्यूबी', १९९६ मध्ये तिथे 'सुपरमॅन', आणि फॉक्सबरोबरचा पाच वर्षांचा करार संपताच १९९७ मध्ये बॅटमॅन स्वगृही परतला. पात्रांची रेखाटने बदलली, नावही बदलले, आणि सुपरमॅन व बॅटमॅन एकमेकांच्या मालिकांत ये-जा करू लागले. फॉक्सवर असताना हे कधी शक्य झाले असते? 'जस्टिस लीग' सुचण्याइतके एकसंध विश्व तयार झाले ते या घरवापसीनंतर.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. या मालिकांच्या भागांची संख्या पाहिलीत तर ६५ हा आकडा वारंवार भेटेल. 'बॅटमॅन'ची पहिली मागणी ६५ भागांची होती, फॉक्सवरील 'स्पायडरमॅन' ६५ भागांची, पुढे 'टीन टायटन्स' आणि 'द बॅटमॅन' याही प्रत्येकी ६५ भागांच्याच. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे तेरा आठवडे पुरतील इतके भाग झाले की रोजच्या फेरप्रक्षेपणाचा हिशोब बसतो. त्यापुढचा प्रत्येक नवा भाग म्हणजे वाहिनीच्या दृष्टीने जास्तीचा खर्च. एखादी लोकप्रिय मालिका "अचानक" बंद झाली असे आपल्याला वाटते तेव्हा तिने ही संख्या गाठली होती का, हे आधी पाहावे.

प्रतिसाद २: काटेकोर

'जुना अँटेना' यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ प्रश्न जोकरचा होता आणि तो तसाच राहिला. शिवाय तिथे लागू पडणारे उत्तर त्यांच्या मांडणीच्या उलट दिशेचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'जस्टिस लीग अनलिमिटेड' २००४ ते २००६ या काळात कार्टून नेटवर्कवर दाखवली गेली. 'द बॅटमॅन' ही बॅटमॅनच्या तरुणपणावर बेतलेली संपूर्ण नवी मालिका सप्टेंबर २००४ मध्ये किड्स डब्ल्यूबीवर सुरू झाली. या दोन वाहिन्या प्रेक्षकाला प्रतिस्पर्धी वाटतील. प्रत्यक्षात दोन्ही एकाच टाइम वॉर्नरच्या पदराखाली होत्या. कार्टून नेटवर्क मूळची टेड टर्नर यांची; १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि त्यामुळे एका घरात मुलांचे दोन विभाग झाले. बाहेरच्या शत्रूशी लढताना माणसे एक होतात. इथे भाऊबंदकी होती, आणि भाऊबंदकीत शेताचा तुकडा पाडतात तसे गॉथमचे तुकडे पडले.

वाटणी अशी झाली. जोकर, पेंग्विन, रिडलर, कॅटवुमन ही मंडळी नव्या 'द बॅटमॅन'कडे गेली. लहान मुलांना एकाच वेळी दोन वेगवेगळे जोकर, वेगवेगळ्या चेहऱ्यांचे आणि आवाजांचे, दिसले तर त्यांचा गोंधळ होईल, असे त्यामागचे घोषित कारण होते. त्यात २००५ मध्ये 'बॅटमॅन बिगिन्स' हा ख्रिस्तोफर नोलन यांचा चित्रपट येऊ घातला होता, त्यामुळे हात आणखीच आखडले गेले. बॅटमॅन स्वतः जस्टिस लीगचा संस्थापक असल्याने त्याला काढता येईना, म्हणून तो राहिला. त्याचे घर मात्र राहिले नाही. चाहत्यांनी या बंदीला 'बॅट-एम्बार्गो' असे नाव दिले आणि पुढे ते सर्वमान्य झाले.

आपण मालिका नुकतीच पाहिली आहे, तर 'ग्रज मॅच' हा भाग आठवून पाहा. ब्लॅक कॅनरी ही नायिका ब्लडहेवन या शहरात येते. हे शहर नाइटविंगचे, म्हणजे मोठ्या झालेल्या पहिल्या रॉबिनचे. एका छतावर एक काळी आकृती क्षणभर उभी दिसते. ती बोलत नाही, तिचे नाव कोणी घेत नाही, चेहराही दिसत नाही. लेखकांना जेवढी फट मिळाली तेवढ्यात त्यांनी तो नाइटविंग बसवला. मला तो एक क्षण या साऱ्या प्रकरणाचा सर्वात बोलका पुरावा वाटतो.

हीच वाटणी उलट बाजूनेही लागू होती, याची चर्चा फारशी होत नाही. 'टीन टायटन्स' २००३ पासून कार्टून नेटवर्कवर चालू होती आणि रॉबिन तिचा नायक होता. त्यामुळे खुद्द 'द बॅटमॅन'मध्ये बॅटमॅनला रॉबिन मिळेना! तिसऱ्या पर्वात आधी बॅटगर्लला आणले गेले आणि 'टीन टायटन्स' जानेवारी २००६ मध्ये संपल्यावर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चौथ्या पर्वाच्या आरंभी रॉबिन अवतरला. बॅटमॅनच्या कथेत बॅटगर्ल रॉबिनच्या आधी येते ही घटना मूळ कॉमिक्स वाचणाऱ्याला उफराटी वाटते. ती कोणा लेखकाच्या प्रतिभेतून आलेली नसून पात्रे कोणाच्या ताब्यात आहेत त्यावरून ठरलेली आहे.

समुद्रातील पात्रांचेही तसेच. ॲक्वामॅनवर वेगळी मालिका काढण्याचे घाटत होते, तेव्हा त्याचा हाडवैरी ब्लॅक मांटा 'अनलिमिटेड'ला मिळाला नाही. त्याच्याजागी डेव्हिल रे नावाचा, दिसायला आणि वागायला जवळपास तसाच, एक खलनायक उभा करावा लागला. ॲक्वामॅनची ती मालिका पुढे नमुना भागापलीकडे गेलीच नाही.

तात्पर्य काढायचे झाले तर मी असे म्हणेन की फॉक्स आणि वॉर्नर यांच्या उघड स्पर्धेने मालिका जन्माला घातल्या, हे 'जुना अँटेना' यांचे म्हणणे मान्य आहे. पण मालिकेच्या आत शिरून पात्रांवर कात्री चालवली ती घरातल्याच दोन चुलींनी.

प्रतिसाद ३: पूर्वरंग

'काटेकोर' यांच्या शेवटच्या वाक्यावर एक हरकत नोंदवतो. पात्रांवर कात्री चालवण्याचा प्रकार त्यांनी सांगितलेल्या भाऊबंदकीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे आणि त्या वेळी वाहिन्या खरोखरच वेगवेगळ्या मालकांच्या होत्या.

१९७७ मध्ये बॅटमॅन एकाच वेळी दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर होता. एबीसीवर हॅना-बार्बेराच्या 'सुपर फ्रेंड्स' या मालिकेत तो इतरांच्या जोडीने होता, तर सीबीएसवर फिल्मेशन या स्टुडिओने त्याची स्वतंत्र मालिका काढली होती. तिला आवाज देण्यासाठी साठच्या दशकातील गाजलेल्या मालिकेतील ॲडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड या मूळ जोडीलाच आणले होते. जोकर, पेंग्विन आणि कॅटवुमन फिल्मेशनच्या वाट्याला गेले. त्यामुळे १९७८ मध्ये एबीसीवर तेरा खलनायकांची 'लीजन ऑफ डूम' जमली, तेव्हा तिच्यात गॉथमतर्फे हजर होते ते रिडलर आणि स्केअरक्रो. जोकरविना भरलेली ही पहिली सभा. पंचवीसेक वर्षांनी त्याच टोळीवरून बेतलेल्या 'अनलिमिटेड'मधील टोळीत जोकर नाही आणि या खेपेस रिडलरही नाही, हे पाहून मला तरी हसू आले.

मार्व्हलकडेही अशी उदाहरणे आहेत. १९७८ मध्ये एनबीसीवर आलेल्या 'फँटॅस्टिक फोर'मध्ये अंगाने पेट घेणाऱ्या ह्यूमन टॉर्च या नायकाच्या जागी हर्बी नावाचा यंत्रमानव दिसतो. मुले बघून स्वतःला पेटवून घेतील या भीतीने टॉर्चला काढले, अशी दंतकथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नव्हे. टॉर्चचे हक्क त्या वेळी युनिव्हर्सल या स्टुडिओकडे एका दूरचित्रपटासाठी अडकले होते, इतके साधे कारण आहे. १९८१ मध्ये एनबीसीवरच 'स्पायडरमॅन अँड हिज अमेझिंग फ्रेंड्स' आली. तीतही आग आणि बर्फ अशी जोडी हवी होती, टॉर्च मिळेना, म्हणून फायरस्टार ही नायिका नव्याने निर्माण केली गेली. पुढे ती कॉमिक्समध्ये शिरली आणि तिथे कायमची नांदली. हक्कांच्या अडवणुकीतून एखादे चांगले पात्रही जन्माला येते, एवढेच मला या निमित्ताने नोंदवायचे होते.

प्रतिसाद ४: सुट्टीचा वार

तिघांचेही मनापासून आभार. 'ग्रज मॅच'मधील ती आकृती मी पाहिली होती आणि एखादा पहारेकरी असावा असे समजून पुढे गेलो होतो.

यातून एक उपप्रश्न निर्माण होतो. आपल्याकडे किड्स डब्ल्यूबी नावाची वाहिनी कधीच नव्हती. 'जस्टिस लीग' आणि 'टीन टायटन्स' आपण कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिल्या. म्हणजे जी भांडणे आपल्या घरात पोहोचलीच नाहीत, त्यांचे परिणाम मात्र आपण पाहत होतो. मग भारतापुरती तरी ही बंधने शिथिल करता आली नसती का? आणि स्पायडरमॅनचे काय, हे अजूनही कोणी सांगितलेले नाही.

प्रतिसाद ५: काटेकोर

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. बंधन प्रक्षेपणावर नव्हते, लेखनावर होते. पटकथा मंजूर होतानाच जोकर वगळला जाई. त्यामुळे तोच भाग ठाण्यात दाखवा की टोरांटोत, त्यात जोकर असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेबाहेरच्या प्रेक्षकाला हे अधिक कोड्यात टाकणारे होते, कारण ज्या दुसऱ्या मालिकेसाठी पात्र राखून ठेवले ती कोणत्या वाहिनीवर, कोणत्या वारी लागते याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

स्पायडरमॅनचे प्रकरण मात्र खरोखर गुंतागुंतीचे आहे आणि त्यात तीन मोठ्या कंपन्यांचे हितसंबंध एकमेकांत अडकलेले आहेत.

२००६ मध्ये द डब्ल्यूबी आणि तिची समकालीन यूपीएन या दोन्ही वाहिन्या बंद होऊन 'द सीडब्ल्यू' ही एक वाहिनी झाली. किड्स डब्ल्यूबी हा विभाग तिच्यावर चालू राहिला खरा, पण ऑक्टोबर २००७ मध्येच जाहीर झाले की शनिवार सकाळची ती वेळ ४किड्स या बाहेरच्या कंपनीला दिली जाणार आहे. 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'चा पहिला भाग ८ मार्च २००८ रोजी दाखवला गेला. तारखा जुळवून पाहा: ज्या घरात ही मालिका राहायला आली ते घर पाडण्याची नोटीस दारावर आधीच लागलेली होती. मे महिन्यात विभागाचे नाव बदलले आणि पहिल्या पर्वाचा शेवट नव्या नावाखाली झाला.

दुसरे पर्व डिस्ने एक्सडी या नव्या वाहिनीने घेतले आणि ते जून ते नोव्हेंबर २००९ या काळात दाखवले. हे पर्व चालू असतानाच, ३१ ऑगस्ट २००९ रोजी, डिस्नेने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलर्सना विकत घेत असल्याची घोषणा केली. वरवर पाहता यापेक्षा चांगली बातमी कोणती असणार होती? वाहिनी डिस्नेची, नायकही आता डिस्नेचा. अडचण अशी की मालिका सोनीची होती. स्पायडरमॅनच्या चित्रपटांबरोबर त्याच्या कार्टूनचे हक्कही तोवर सोनीकडे होते. त्याच सुमारास सोनीने कार्टूनचे हक्क मार्व्हलला परत केले; चित्रपटांचे हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. परिणामी सोनीला नवे भाग काढता येईनात, कारण हक्क गेले होते. आणि मार्व्हलला तीच मालिका पुढे नेता येईना, कारण त्या मालिकेसाठी घडवलेली रेखाटने आणि कथानक सोनीचे होते. दोघांच्या मध्ये मालिका लोंबकळत राहिली आणि संपली. निर्माते ग्रेग वाइझमन यांच्या मनात ६५ भागांचा आराखडा होता. वर आलेला तो आकडा इथेही आहे. डिस्ने एक्सडीवर २०१२ मध्ये 'अल्टिमेट स्पायडरमॅन' ही अगदी निराळ्या प्रकृतीची, हसतखेळत चालणारी मालिका आली आणि जुनी कथा होती तिथेच राहिली.

इथे माझ्या आधीच्या विधानात एक भर घालतो. वाहिनी आणि पात्र एकाच मालकाकडे आले म्हणजे सर्व काही सुरळीत होईल, असे वाटते. परंतु नव्या मालकाला जुन्या भाडेकरूच्या मालिकेत रस नसतो. तिचे श्रेय, तिची खेळणी, तिच्या तबकड्यांची विक्री या कशातच त्याला पुरेसा वाटा नसतो.

प्रतिसाद ६: खेळणीवाला

चर्चा वाहिन्यांभोवतीच फिरते आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. शेवटच्या ओळीत 'काटेकोर' यांनी खेळण्यांचा नुसता उल्लेख केला. माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो.

'यंग जस्टिस' ही मालिका नोव्हेंबर २०१० मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. २०१२ मध्ये तिला 'ग्रीन लँटर्न'ची जोड देऊन 'डीसी नेशन' या नावाचा पट्टा तयार केला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो पट्टा ऐन वेळी वेळापत्रकातून काढून घेतला, तो थेट जानेवारीत परत आणला, आणि मार्च २०१३ पर्यंत दोन्ही मालिकांचा गाशा गुंडाळला. प्रेक्षकांनी अर्थातच वाहिनीला बोल लावले. वाइझमन हेच या मालिकेचेही एक निर्माते होते आणि त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलेले कारण असे होते की मालिकेचा खर्च मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या करारावर उभा होता. खेळणी अपेक्षेप्रमाणे खपली नाहीत, मॅटेलने हात काढून घेतला आणि ती पोकळी भरून काढणारा दुसरा कोणी मिळाला नाही. 'ग्रीन लँटर्न'चे दैव त्याहून खडतर. २०११च्या त्याच नावाच्या चित्रपटाची खेळणी दुकानांत पडून राहिल्याने कार्टूनसाठी नवी खेळणी मागवायला दुकानदार तयार होईनात. म्हणजे मालिका पडद्यावर येण्याआधीच तिच्या नावावर दुसऱ्याचे कर्ज चढलेले होते.

वाहिनीची चढाओढ यात मुळीच नव्हती असे मी म्हणत नाही. ज्या मालिकेचे खेळणे खपत नाही तिला प्रतिस्पर्ध्यासमोरची मोक्याची वेळ कोणी देत नाही, आणि मोक्याची वेळ मिळाली नाही की खेळणे खपत नाही. हे चक्र कुठून सुरू झाले ते ठरवणे अवघड आहे.

प्रतिसाद ७: जुना अँटेना

'खेळणीवाला' यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. परंतु निव्वळ चढाओढीने बळी गेलेल्या मालिकेचे एक उदाहरण द्यायलाच हवे, म्हणजे पारडे अगदीच एका बाजूला झुकणार नाही.

फेब्रुवारी १९९९ मध्ये किड्स डब्ल्यूबीने 'पोकेमॉन' आणली आणि शनिवारच्या सकाळी फॉक्स किड्सचे वर्चस्व बघता बघता ढासळले. फॉक्सने ऑगस्टमध्ये 'डिजिमॉन' आणून उत्तर दिले आणि ऑक्टोबरात 'स्पायडरमॅन अनलिमिटेड' सुरू केली. समोर 'पोकेमॉन' होतीच, शिवाय त्याच वर्षी आलेली 'बॅटमॅन बियाँड' होती. अवघे तीन भाग दाखवून फॉक्सने 'स्पायडरमॅन अनलिमिटेड' मागे घेतली आणि उरलेले दहा भाग थेट २०००च्या डिसेंबरापासून दाखवले. तेरावा भाग ऐन उत्कंठेच्या जागी थांबतो आणि पुढे काहीच नाही. मला ती मालिका विशेष आवडली नव्हती, परंतु तीन भागांत कोणत्या कथेचा निवाडा होतो?

यातला खरा धूर्त खेळाडू मार्व्हल होता, असे मला वाटते. १९९६च्या अखेरीस दिवाळखोरीत गेलेल्या या कंपनीला स्वतःची वाहिनी नव्हती आणि म्हणून कोणाशी वाकडेही नव्हते. फॉक्सवर स्पायडरमॅन चालू असताना 'हल्क' यूपीएनला दिला, आणि २००० मध्ये 'एक्स-मेन'चा चित्रपट फॉक्सने काढलेला असताना 'एक्स-मेन: इव्होल्यूशन' ही नवी मालिका चक्क वॉर्नरच्या किड्स डब्ल्यूबीवर नेली. ती तिथे चार पर्वे, ५२ भाग, बिनबोभाट चालली. घर नसलेल्याला कोणाच्याही ओसरीवर बसता येते. २००९ नंतर मार्व्हलचे कार्टून अमेरिकेत डिस्नेच्या वाहिन्यांबाहेर नव्याने सुरू होणे जवळजवळ थांबले, तेव्हा हा फरक नीट जाणवला.

प्रतिसाद ८: सुट्टीचा वार

पुतण्याने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा पुढे पाठवतो: "मग जोकर आणि रॉबिन दोघेही असतील अशी मालिका आता कोणती लावायची?" त्याला 'द बॅटमॅन' दाखवावी का?

प्रतिसाद ९: काटेकोर

अवश्य दाखवा, परंतु पहिल्या पर्वातील जोकरचे रूप पाहून आपल्याला थोडा धक्का बसेल: केस मोकाट वाढलेले, पाय अनवाणी, आणि मारामारी माकडाच्या चपळाईने. आधीच्या मालिकांत जोकरला आवाज देणाऱ्या मार्क हॅमिल यांची सवय असलेल्या कानांना जुळवून घ्यायला दोनचार भाग लागतील. रॉबिनसाठी चौथे पर्व. पाचव्या पर्वात, म्हणजे २००७च्या सप्टेंबरपासून, सुपरमॅन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, ग्रीन ॲरो ही सारी मंडळी एकामागून एक या मालिकेत हजेरी लावतात. 'अनलिमिटेड' मे २००६ मध्येच संपली होती, त्यामुळे ती पात्रे आता मोकळी होती. पुतण्याला आधी 'अनलिमिटेड' दाखवून झाली आहे, तेव्हा हे पर्व लागताच "आता हे सगळे इकडे कसे आले?" असा प्रश्न तो विचारणारच. त्याचे उत्तर आता आपल्याकडे आहे.